मुलीने जेवण सोडलंय, बोर्डाची परीक्षा होईपर्यंत थांबू का?

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘हेल्दी खायचं’ म्हणून तिने आधी गोड आणि तळलेलं सोडलं, मग भात, मग तेल-तूप. आता अर्ध्या पोळीवर आली आहे. सहा महिन्यांत बारा किलो वजन उतरलं. चार महिने पाळी नाही. विचारलं की म्हणते, पोट गच्च वाटतं, भूकच लागत नाही. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. रात्री दार लावून दोरीवरच्या उड्या मारते. आमच्यासाठी मात्र हौसेने केक करते आणि आम्ही खाल्ला नाही तर रडते. वर्गात पहिली येते. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. हे म्हणतात वय आहे, जाईल. मी ओरडले, समजावलं, हात जोडले. माझं काही चुकलं का? मानसोपचारतज्ज्ञांकडे बोर्ड झाल्यावर नेलं तर चालेल का?

उत्तर :

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. थांबू नका. बोर्डाला अजून तीन महिने आहेत आणि तिच्या शरीराकडे तेवढी सवड नाही. याच आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा फिजिशियनकडे न्या आणि मानसोपचारतज्ज्ञांचीही वेळ घ्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे खाणं कमी कमी करत स्वतःला उपाशी ठेवण्याचा मानसिक आजार, असण्याची शक्यता मोठी आहे. पक्कं निदान तपासूनच होईल. पण वाढीच्या वयात बारा किलो उतरणं आणि चार महिने पाळी बंद असणं, एवढंच तातडीने दाखवायला पुरेसं आहे. निदानाचं नाव नंतर ठरलं तरी चालेल.

डॉक्टरांना झोपलेल्या आणि उभ्या स्थितीत नाडी आणि बीपी बघायला सांगा, ईसीजी काढून घ्या. रक्तात हिमोग्लोबिन आणि साखरेबरोबर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या हव्यात. फॉस्फरसचं नाव घेऊन सांगा, नेहमीच्या पॅकेजमध्ये तो बऱ्याचदा नसतो. आणि रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नका. उपाशी शरीर रक्तातल्या पातळ्या फार उशिरापर्यंत सांभाळत राहतं. त्यासाठी लागणारं सगळं ते स्नायूंतून, हाडांतून आणि हृदयाच्या भिंतीतून काढतं. म्हणून कित्येक मुलींची फाइल स्वच्छ असते आणि नाडी मात्र मंदावलेली असते.

ती नाडी तुम्हाला घरीही बघता येईल. सकाळी ती अंथरुणातून उठायच्या आधी मनगटाशी बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. जागेपणी नाडी ५० च्या खाली असेल तर ओपीडीच्या वेळेची वाट न बघता रुग्णालयात जा. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडली, छातीत दुखलं किंवा धडधडलं, पाणीसुद्धा घेणं बंद केलं, उलटीत रक्त दिसलं, जगून काय करायचं अशी भाषा आली, तरी तसंच. मैदानावर जाणाऱ्या मुलींच्या घरी मला हमखास सांगितलं जातं की खेळाडूंची नाडी कमीच असते. सराव करून, पोटभर जेवून, पाळी नियमित असलेल्या धावपटूची नाडी कमी असेल तर ती गोष्ट वेगळी. वजन उतरून पाळी गेलेल्या मुलीची नाडी कमी असेल तर तो फिटनेस नव्हे, तिचं शरीर खर्च कमी करतंय. हात गार पडणं, एप्रिलच्या उन्हात स्वेटर लागणं, केस गळणं, बद्धकोष्ठ, पाठीवर-दंडांवर बारीक लव येणं, हे सगळं त्याच काटकसरीतून येतं.

आता त्या केकबद्दल, कारण घरच्यांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट हीच असते. स्वतः घास घेत नाही आणि दुसऱ्यांना आग्रह करकरून वाढते, रेसिपीचे व्हिडिओ तासन्‌तास बघते, ओट्यापाशी रेंगाळते, किराणा आणायला बरोबर येते आणि प्रत्येक पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचते. आईला वाटतं, अन्नात एवढा जीव आहे तर ही नाटकं करतेय. तसं नाही. उपाशी मेंदू असाच वागतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण एक चतुर्थांश कमी होईपर्यंत त्या मुलांचं काय झालं ते बारकाईने लिहून ठेवलंय. ती पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. ताटातल्या घासाशी तासभर खेळत बसू लागली. चिडचिडी झाली, मित्रांपासून तुटली, सतत थंडी वाजू लागली, अन्नाशिवाय दुसरा विचार सुचेना. या मुलांना ना बारीक व्हायचं होतं, ना आरशाची धास्ती होती. फक्त पोट रिकामं होतं.

माझं सगळं म्हणणं यातूनच निघतं. उपासमारीमुळे मन बिघडतं आणि बिघडलेलं मन आणखी उपाशी राहतं. हे चक्र मनाच्या बाजूने आधी तोडता येत नाही. ‘आधी तिला पटू दे, मग जेवेल’ असं वाट बघत बसलेली घरं मी वर्षानुवर्षं बघते आहे. पटण्यासाठी जो मेंदू लागतो तोच उपाशी आहे. आधी जेवण, त्यामागून समजूत, हा क्रम उलटा करू नका.

‘जाड दिसते’ असं ती एकदाही म्हणाली नाही, म्हणून तुम्हाला शंका येत असेल. आपल्याकडे, आणि आशियात इतरत्रही, कित्येक मुली वजनाचं नाव काढत नाहीत. पोट फुगतं, घशाखाली उतरत नाही, मळमळतं, एवढंच सांगतात. त्यांची वारी पोटाच्या डॉक्टरांकडून सुरू होते, दुर्बिणीच्या तपासणीत जठराला थोडी सूज निघते, ॲसिडिटीच्या गोळ्या लागतात, कुणी भूक वाढवण्याचं सिरप देतं आणि चार-सहा महिने निघून जातात. यात मुलगी खोटं बोलत नाही. कमी खाण्याने जठर संथ होतं, चार घासांनीही खरोखर गच्च वाटतं. त्याचा उपाय आणखी कमी खाणं नसून थोड्या थोड्या वेळाने नेमाने खाणं आहे. काही आठवड्यांत ते गच्च वाटणं बरंचसं उतरतं. तोवर जेवल्यावर पोटाशी गरम पाण्याची पिशवी द्या, पण पुढचं खाणं चुकवू नका.

पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलात तर एक लक्षात ठेवा. हार्मोनच्या गोळ्यांनी रक्तस्राव येईल, पण ती तिची पाळी नव्हे. घरात मात्र ‘आली बाई एकदाची’ म्हणून सगळे सैल पडतात. हाडांनाही त्या गोळ्यांनी संरक्षण मिळत नाही. मुलींच्या हाडांची जवळजवळ ९० टक्के मजबुती अठरा वर्षांच्या आत भरते. ती भरण्याच्या नेमक्या वर्षांत तिचं शरीर पाळी बंद करून बसलंय. वजन परत आलं की पाळी सहसा आपोआप येते, कधी काही महिने मागे राहून येते. वाट बघावी लागली तरी तीच खरी खूण.

दृष्टीबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका. मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या असतील तर ओवाळू द्यात, वणीच्या देवीला नवस बोलायचा असेल तर बोलू द्यात. आजीची नातीवरची माया या लढाईत फार कामाची आहे. फक्त त्यापायी डॉक्टरांची वेळ चुकवायची नाही. आणि एक गोष्ट आजींनाच हातात घ्यायला सांगा. ती बरी होईपर्यंत या घरात तिला एकही उपास नाही. आपल्याकडे हा आजार उपासाच्या आड फार सहज लपतो. संकष्टी, एकादशी, गुरुवार, हरतालिका, मग नवरात्राचे नऊ दिवस. मुलगी देवाधर्माचं करते म्हणून घर सुखावतं, आणि ती उपासाची भगर-आमटी, साबुदाण्याची खिचडीसुद्धा घेत नाही हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आजारी माणसाला उपासाची सूट आहे हे आजीच्या तोंडून आलं तर मुलगी ऐकते, डॉक्टरच्या तोंडून आलं तर वाद घालते. तोच प्रकार फळांचा. द्राक्षांच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फळ खाणाऱ्या मुलीला कोण टोकणार? पण दिवसभर द्राक्षं आणि काकडी म्हणजे जेवण नव्हे.

तुमचं काय चुकलं, हे तुम्ही विचारलंत. हा आजार आईमुळे होतो असं एके काळी डॉक्टरही म्हणत. ते आता कुणी मानत नाही. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांवरून निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाटा आनुवंशिक दिसतो. पुष्कळदा या मुली आधीपासूनच नेटक्या, स्वतःवर कडक, एका मार्काने हळहळणाऱ्या असतात. अशा मुलीने सुट्टीत डाएट सुरू केलं, किंवा टायफॉइडमध्ये वजन उतरलं, की एरवी इतर मुलींमध्ये जे आठवड्यात सुटतं ते तिच्यात पकड घेतं. मोबाइललाच सगळा दोष देऊ नका. विल्यम गल यांनी लंडनमध्ये आणि शार्ल लासेग यांनी पॅरिसमध्ये १८७३ साली या आजाराचं वर्णन केलं तेव्हा कसलेच पडदे नव्हते. पण बाहेरचं वारं लागत नाही असंही नाही. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. भरलेल्या अंगाचं कौतुक करणारा तो समाज. तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, ॲन बेकर या संशोधिकेने शाळकरी मुलींना विचारलं, तर बारीक राहण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुलींचं प्रमाण शून्यावरून ११ टक्क्यांवर गेलेलं होतं.

म्हणून घरातल्या बोलण्याकडे लक्ष द्या, दोषी शोधायला नव्हे, पुढचं सांभाळायला. ‘ढोली’, ‘आता कपडे बसणार नाहीत’, ‘स्थळं बघताना कळेल’, हे शब्द आपल्याकडे कौतुकाने बोलले जातात. लग्नकार्यात मावशी-काकू पहिलं वाक्य अंगावरच बोलतात. तिच्या समोर कुणाच्याही अंगाबद्दल बोलणं बंद. ‘किती बारीक झालीस’ हे तिला शाबासकीसारखं ऐकू येतं, आणि ‘आता जरा तब्येत सुधारली हं’ हे तिला ‘जाड झालीस’ असं ऐकू येतं. दोन्ही नको. तिच्या वडिलांनाही हे सांगा. बाप मुलीला गमतीने चिडवतो आणि ती गंमत मुलीला वर्षभर पुरते.

आता उपचार. पौगंडावस्थेतल्या ॲनोरेक्सियासाठी सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो कुटुंबाच्या हाताने करायच्या उपचाराला. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८०च्या दशकात ही पद्धत घडली. २०१० मध्ये अमेरिकेत १२१ मुलामुलींवर झालेल्या चाचणीत, उपचार संपून वर्ष झाल्यावर, या पद्धतीने पूर्ण बरं होणाऱ्यांचं प्रमाण एकट्या मुलीशी बोलून केलेल्या उपचारांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. पद्धतीचा गाभा साधा आहे. काय खायचं, किती खायचं, कधी खायचं, हे सगळे निर्णय काही महिने आईवडील घेतात. वजन सावरलं की ते हळूहळू मुलीच्या हाती परत जातात. त्यानंतर अभ्यास, मैत्रिणी, मोठं होणं या तिच्या वयाच्या गोष्टींवर काम होतं. पाय मोडलेल्या मुलीला आपण प्लास्टर घालायचं का असं विचारत नाही, तिला धीर देत घालतो. इथेही तसंच.

एक सावधगिरी. गेले कित्येक दिवस ती जवळजवळ काहीच खात नसेल तर पहिल्याच दिवशी ताट गच्च भरू नका. फार उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातला फॉस्फरस झपाट्याने उतरू शकतो आणि हृदयाला धोका होतो. किती पासून सुरुवात करायची आणि किती वेगाने वाढवायचं हे तपासणी करून डॉक्टर ठरवतील. काही मुलींना पहिला आठवडा-दोन आठवडे रुग्णालयातच ठेवावं लागतं. पण या भीतीने महिनोन्‌महिने अर्ध्या पोळीवर रेंगाळणं हाही धोकाच.

ताटात काय असावं यासाठी परदेशी काही शोधायला नको. वरण-भात-तूप, पोळी-भाजी, दही, शेंगदाण्याची चटणी, थालीपीठ आणि लोणी, शेवयांची खीर, डिंकाचा लाडू, साय न काढलेलं दूध. दिवसात तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीनदा खाणं, घड्याळ लावून. ताट तुम्ही वाढायचं, तिने नाही. स्वयंपाक चालू असताना ती स्वयंपाकघरात नको, कारण तिथे ती फोडणीतलं तेल मोजते आणि पहिल्या घासाआधीच भांडण पेटतं. केक-बिस्किटं करणंही तूर्त थांबवा.

ताटावर बसल्यावर काय होईल ते आत्ताच सांगून ठेवते. ती पोळीचे बोटभर तुकडे करील, ते ताटात फिरवत राहील, भाजीतलं तेल कडेला निथळू देईल, घास ओढणीत किंवा रुमालात जाईल, पाण्याचे तांबे संपतील. वरणावर तूप दिसलं की रडेल. ‘तुम्ही मला मारताय’ म्हणेल. आजवर आवाज न चढवलेली मुलगी ताट भिरकावेल. त्या वेळी तुमच्या समोर तुमची मुलगी आणि तिला धरून बसलेली भीती, दोघी बसलेल्या असतात. रागवायचंय ते भीतीवर. वाद घालू नका. कॅलरी, प्रोटीन, कोण बरोबर, यातलं काहीही ताटावर बोलायचं नाही. ती तुमच्यापेक्षा जास्त वाचून बसली आहे आणि वादात तीच जिंकणार. छोटी वाक्यं बोला. ‘मला माहितीये तुला भीती वाटतेय.’ ‘मी इथेच आहे.’ ‘पुढचा घास घे.’ हीच वाक्यं पुन्हा पुन्हा, त्याच आवाजात. अर्धा-पाऊण तास ठरवा. तेवढ्यात नाही संपलं तर उरलेल्याच्या बदल्यात दूध किंवा मिल्कशेक, आणि तेही नाही झालं तर पुढचं खाणं वेळेवर, मागचं उकरून न काढता. जेवणानंतर तासभर कुणीतरी तिच्याजवळ राहायचं, बाथरूमला एकटी जायचं नाही. त्या तासात पत्ते खेळा, मालिका बघा, आजीकडून केसांना तेल लावून घेऊ द्या.

हे एकट्या आईने होत नाही. तुमच्या पत्रात ‘हे म्हणतात’ एवढाच त्यांचा उल्लेख आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. पहिले काही आठवडे त्यांनी दिवसातलं किमान एक जेवण स्वतः समोर बसून करून घ्यायला हवं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या शिफ्ट असल्या तरी रजा काढून. एकाने ताट धरायचं आणि दुसऱ्याने ‘जाऊ दे, आज राहू दे’ म्हणायचं, या फटीतून आजार निसटतो. रात्री मुलगी झोपल्यावर दोघांनी उद्याचं ठरवा आणि तिच्यासमोर एकाच सुरात बोला.

दोरी काढून ठेवा. जॉगिंग ट्रॅक, झुंबा, सूर्यनमस्कारांचे आकडे, सगळं बंद, डॉक्टर परवानगी देईपर्यंत. उभ्याने अभ्यास करणं, उगाच जिने चढणं-उतरणं हेही बघा. झोपायची खोली काही दिवस आजीबरोबर करा. वजनकाटा घरातून हलवा. वजन दवाखान्यात, आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर. वजनाच्या दिवशी मुली भरपूर पाणी पितात किंवा खिशात काहीतरी ठेवतात, म्हणून ते दवाखान्याच्या पद्धतीने होऊ द्या.

शाळा आणि बोर्ड. मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या. मधल्या सुट्टीत डबा तिने शिक्षिकेसमोर स्टाफरूममध्ये खावा, पीटीच्या तासाला बसून राहावं. एवढंही जमत नसेल तर काही आठवडे शाळा बंद ठेवा. परीक्षा देण्याजोगी तब्येत झाली तर ती देईल, नाही झाली तर राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा असते, पुढचं वर्षही असतं. पहिली येणारी मुलगी वर्ष मागे पडण्याच्या कल्पनेने कोसळेल, हे मला कळतं. पण घरच्यांनी ते आधी स्वतः मान्य केलं तर तिच्या डोक्यावरचं एक ओझं खरोखर उतरतं. उलट ‘परीक्षेला बसायचंय ना, मग जेव’ अशी अट घालायला हरकत नाही. परीक्षा तिला जीवापाड प्रिय आहे आणि ती आपल्या बाजूने वापरता येते.

औषधांबद्दल थोडक्यात. ॲनोरेक्सिया बरा करणारी गोळी नाही. सोबतचं नैराश्य, मंत्रचळ, टोकाची अस्वस्थता यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ काही देतील, ते घ्या. टॉनिक, भूक वाढवणारं सिरप, प्रोटीन पावडर यांवर पैसे घालवू नका. त्यापेक्षा तूप घ्या.

हे वाचणाऱ्या इतर आयांसाठी दोन गोष्टी लिहिते, कारण सगळ्या मुली तुमच्या मुलीसारख्या दिसत नाहीत. आधी वजन जास्त असलेल्या मुलीने झपाट्याने पंधरा-वीस किलो घटवले तर कॉलेज रोडपासून सोसायटीपर्यंत सगळे तिचं अभिनंदन करतात. ती दिसायला ‘नॉर्मल’ असते, पण नाडी मंद, पाळी बंद, रात्रंदिवस डोक्यात अन्न, म्हणजे आजार तोच. धोका किती हे काट्यावरच्या आकड्याइतकंच तो किती वेगाने उतरला यावर ठरतं. वाढत्या मुलीचं वजन वर्षभर जागेवर थांबलं असेल तरी ते घटलंच असं समजा. शाळेतल्या उंची-वजनाच्या नोंदी त्यासाठीच जपून ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट बुलिमिया. यात मुलगी बारीक नसते, म्हणून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. दिवसभर उपाशी, मग रात्री एका बैठकीत सापडेल ते खाणं, मग भयंकर शरम आणि उलटी. फ्रीज रिकामा होतो, फरसाणाची पाकिटं गादीखाली सापडतात, जेवल्याबरोबर बाथरूमचा नळ मोठ्याने सुरू होतो. बोटांच्या सांध्यांवर घट्टे, कानाखाली दोन्ही बाजूंना सूज, दातांचं झिजलेलं कवच. कितीदा हे पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरांना दिसतं. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून हे कमी धोक्याचं नाही. याला मात्र बोलण्याचा उपचार चांगला लागू पडतो, फ्लुओक्सेटिन हे औषधही मदत करतं. अशा मुलीवर ‘चोरून खातेस’ असा आरोप करू नका. तिने स्वतःवर तो आधीच शंभरदा केलेला असतो.

पेठ-सुरगाण्यात पोरांना खायला मिळत नाही आणि इथे असलेलं खात नाहीत, ही श्रीमंती थेरं आहेत, असं मला सुशिक्षित लोक ऐकवतात. गरिबीतलं कुपोषण हा वेगळा आणि मोठा अन्याय आहे. पण त्याने या मुलीची नाडी सुधारत नाही. मानसिक आजारांत जीव जाण्याचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्यांत ॲनोरेक्सिया मोडतो, आणि हा बंगल्यातल्याच मुलींना होतो असंही नाही. माझ्याकडे सिडकोतल्या दोन खोल्यांतून मुली येतात, सिन्नर-निफाडच्या शेतकरी घरांतून येतात. मुलगेही येतात, कमी आणि उशिरा.

मदत कुठे, तर खाजगी तज्ज्ञांबरोबरच आपल्या जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास, मराठीतही बोलते, रात्री अकराला ताट भिरकावल्यावर तिथे फोन करायला संकोचू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरायला सांगितलंय, तेव्हा दाखल करावं लागलं तर पॉलिसी काढून बघा. पुढे लग्नात अडचण येईल या भीतीने मानसोपचाराचं नाव टाळू नका. तिची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर त्याच कायद्याने बंधनकारक आहे.

किती दिवस लागतील? किशोरवयात लवकर हाती घेतलं तर बहुतेक मुली बऱ्या होतात, पण महिने लागतात, पूर्ण सावरायला वर्ष-दोन वर्षंही. वजन आधी येतं, मन मागून येतं. वजन वाढत असतानाच्या काळात ती सगळ्यात जास्त रडते आणि तेव्हाच घरचे खचतात. त्या टप्प्यावर उपचार सोडू नका. मग कधीतरी ती न सांगता मैत्रिणींबरोबर मिसळ खाऊन येईल, भावाशी वरच्या आवाजात भांडेल, पाळी येईल.

त्यानंतरही एक वळण लक्षात ठेवा, कारण आपल्या शहरातल्या मुलींवर ते हमखास येतं. बारावीनंतर पुणे किंवा मुंबई, हॉस्टेल, मेस. आजार उलटण्याची ती नेमकी जागा आहे. जाण्याआधी किमान वर्षभर वजन आणि पाळी स्थिर हवी, आणि घरापासून दूर असलेल्या मामा-मावशीकडे महिनाभर राहून ती स्वतःच्या हाताने नीट जेवलेली हवी. कॉलेज निवडतानाच तिथल्या डॉक्टरांची वेळ ठरवून ठेवा, दर महिन्याला वजन त्यांच्याकडे. ते तीन किलोंनी उतरलं तर सत्राचा विचार न करता तिने घरी यायचं, हे तिच्याशी आधी बोलून, तिची मान्यता घेऊन, कागदावर लिहून ठेवा. तोवर ती अठराची झालेली असेल आणि त्या कागदावर सही तिची असेल.